महापालिकेचे रोखे घेण्यापूर्वी : संचालक आणि विश्वस्तांसाठी

नागरी बँक, पतसंस्था किंवा धर्मादाय न्यास यांच्या गुंतवणूक समितीपुढे अधूनमधून एक कागद येतो. अमुक महापालिका पाणीपुरवठ्यासाठी रोखे काढते आहे. मानांकन ‘एए’, मुदत दहा वर्षे, व्याज बँकेतल्या ठेवीपेक्षा थोडे जास्त. खाली ठळक अक्षरांत एक ओळ असते : ‘कायद्याने मान्य गुंतवणूक’. ही ओळ वाचली की बैठकीतले निम्मे सभासद चहाकडे वळतात. पण मान्य कोणासाठी, कोणत्या कायद्याने आणि किती रकमेपर्यंत, हे त्या ओळीत नसते. ते शोधणे दलालाचे काम नाही, तुमचे आहे. आणि ते सापडल्यावरही काम संपत नाही. कायद्याची परवानगी म्हणजे विषय बैठकीत घ्यायला हरकत नाही, एवढेच. पैसे गुंतवायचे की नाही, हे त्यापुढे ठरते.

रोखा कशावर उभा आहे?

महापालिकेचे रोखे दोन प्रकारचे असतात. पहिल्यात महापालिका आपल्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर्ज उचलते. मालमत्ता कर, अनुदाने, शुल्क अशा सगळ्या जमेतून परतफेड होते. दुसऱ्यात एखाद्या ठरावीक प्रकल्पाचे उत्पन्न परतफेडीसाठी बांधून दिलेले असते : पाणीपट्टी, मलनिस्सारण शुल्क, पुलाचा टोल, बाजारपेठेचे भाडे. यांना महसुली रोखे म्हणतात. ‘सेबी’ने २०१५ साली महापालिकांच्या रोख्यांसाठी स्वतंत्र नियम केले, तेव्हा या दोन्ही प्रकारांच्या व्याख्या त्यात घातल्या. पहिल्या प्रकारात तुम्ही शहराच्या एकूण तब्येतीवर विसंबता, दुसऱ्यात एका नळाच्या धारेवर. म्हणून माहितीपत्रकातली पहिली शोधायची गोष्ट व्याजदर नव्हे. परतफेड कोणत्या खात्यातून होणार, ते वाक्य शोधा.

आपल्याकडे हा बाजार लहान आहे, पण अगदी नवा नाही. अहमदाबाद महापालिकेने १९९८ साली राज्य सरकारची हमी न घेता १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. पाठोपाठ १९९९ मध्ये नाशिक आणि २००१ मध्ये नागपूर महापालिका बाजारात आल्या. मग बरीच वर्षे सामसूम होती. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी दहा वर्षे मुदतीचे, ७.५९ टक्के व्याजाचे २०० कोटींचे रोखे काढले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले गेले. त्यानंतर हैदराबाद, लखनौ, गाझियाबाद, वडोदरा, पिंपरी-चिंचवड अशी नावे जोडली गेली. २०२३ मध्ये इंदूरने २४४ कोटींचे रोखे थेट सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय शेअर बाजाराने महापालिका रोख्यांचा निर्देशांक सुरू केला, तेव्हा त्यात १० संस्थांचे मिळून २८ रोखे होते. एवढ्याशा बाजारात विकत घेणे सोपे असते. विकण्याचे पुढे पाहू.

परवानगी कुठे लिहिलेली असते?

अमेरिकेत अनेक राज्यांच्या रोखेविषयक कायद्यांत एक ठरावीक कलम असते : या कायद्याखाली काढलेले रोखे बँका, विमा कंपन्या, विश्वस्त आणि मृत्युपत्राचे व्यवस्थापक यांच्यासाठी कायदेशीर गुंतवणूक मानले जातील. तिथे परवानगी रोख्यासोबतच येते. आपल्याकडे तसे नाही. इथे परवानगी गुंतवणूक करणाऱ्याच्या कायद्यात असते, आणि प्रत्येक प्रकारच्या संस्थेचा कायदा वेगळा. म्हणजे एकच रोखा नागरी बँकेला चालेल, शेजारच्या न्यासाला आयकराच्या अडचणीत आणेल आणि पतसंस्थेला निबंधकांच्या पत्राला उत्तर द्यायला लावेल.

नागरी सहकारी बँक. बँकेला वैधानिक तरलतेसाठी जे रोखे ठेवावे लागतात, त्यांत केंद्र आणि राज्य सरकारांचे रोखे मोडतात. महापालिकेचे रोखे त्यांत धरले जात नाहीत. त्यामुळे ‘सरकारीच तर आहे’ असे म्हणून ते या गणतीत घालता येत नाहीत. ते बिगर-तरलता गुंतवणुकीत येतात आणि तिथे रिझर्व्ह बँकेची चौकट लागू होते. अशी सगळी गुंतवणूक मिळून मागील ३१ मार्चच्या एकूण ठेवींच्या १० टक्क्यांच्या आत हवी. रोख्याचे मानांकन ‘ए’ किंवा त्याहून वरचे हवे. शेअर बाजारात न नोंदवलेले रोखे या बिगर-तरलता गुंतवणुकीच्या १० टक्क्यांहून जास्त नकोत. संचालक मंडळाने मंजूर केलेल्या गुंतवणूक धोरणात या प्रकाराचा उल्लेख नसेल तर आधी धोरण बदला, मग खरेदीचा विचार करा. उलट क्रमाने केलेले काम तपासणी अहवालात हमखास येते.

पतसंस्था आणि इतर सहकारी संस्था. यांच्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ७० आहे. त्यात जिल्हा आणि राज्य सहकारी बँकांबरोबर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम २० मधील रोख्यांनाही वाट आहे. इथे थोडे थांबायला हवे, कारण या कलम २० ची गोष्ट लांबची आहे. जुन्या कलमात मान्य रोख्यांची यादीच दिलेली होती आणि तीत इलाख्याच्या शहरांतील नगरपालिका, पोर्ट ट्रस्ट आणि सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट यांचे कर्जरोखे नावानिशी होते. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला रस्ते आणि चाळी बांधण्यासाठी लागणारी कर्जे अशा तरतुदींच्या छायेत उभी राहत. त्याच यादीत रंगून आणि कराची ही नावेही होती आणि ३१ मार्च १९४८ नंतर तिथल्या रोख्यांत नवा पैसा घालू नये, अशी अट पुढे जोडली गेली. विश्वस्तांनी ज्यांवर डोळे मिटून पैसा ठेवावा अशी ती शहरे पुढे यादीबाहेर गेली.

२०१६ च्या दुरुस्तीने ही यादीच काढून टाकली. दुरुस्ती एप्रिल २०१७ मध्ये अमलात आली. आता न्यासपत्रात स्पष्ट परवानगी असलेले किंवा केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवलेले रोखेच मान्य ठरतात. याचा व्यवहारातला अर्थ असा : पतसंस्थेच्या ठरावात ‘कलम ७० अन्वये’ एवढे लिहून भागत नाही. कलम ७०, त्यातून कलम २०, त्यातून केंद्राची अधिसूचना आणि अधिसूचनेतला नेमका वर्ग, अशी साखळी कागदावर दिसली पाहिजे. जुन्या पुस्तकातून कलम २० ची यादी उतरवून केलेले ठराव आजही दिसतात. त्यांना आता आधार नाही.

सार्वजनिक न्यास. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३५ सांगते की तातडीने खर्चायचा नसलेला पैसा अनुसूचित बँक, डाकघर बचत बँक, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक किंवा ‘सार्वजनिक रोखे’ यांत ठेवावा. या सार्वजनिक रोख्यांच्या व्याख्येत, कायद्याने मिळालेल्या अधिकारात स्थानिक प्राधिकरणाने काढलेले कर्जरोखे येतात. म्हणजे महापालिकेला दार उघडे आहे. पण दोन ठिकाणी पाय अडखळतो.

एक, रोखे महापालिकेने स्वतः काढले आहेत की तिने स्थापन केलेल्या कंपनीने? ‘सेबी’च्या नियमांत महापालिकेच्या उपकंपनीनेही रोखे काढण्याची सोय आहे आणि बाजारात दोघांनाही सरसकट महापालिकेचे रोखे म्हटले जाते. कंपनी म्हणजे स्थानिक प्राधिकरण नव्हे. न्यासासाठी हा फरक परवानगी असण्या-नसण्याचा आहे.

दोन, आयकर. धर्मादाय संस्थांनी पैसा कुठे ठेवावा, याची आयकर कायद्यात वेगळी यादी आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ११(५) मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे. धर्मादाय आयुक्तांना चालणारी गुंतवणूक आयकर विभागाला चालेलच असे नाही, आणि यादीबाहेरची गुंतवणूक करसवलतीच्या मुळावर येऊ शकते. व्याजातले अर्धा टक्का जादा मिळवताना सवलतच गेली, तर त्या हिशेबाला काय म्हणायचे? म्हणून हा विशिष्ट रोखा आयकराच्या कोणत्या खंडात बसतो, हे करसल्लागाराकडून खंडाच्या क्रमांकासह लेखी घ्या. ‘चालेल हो’ हे फोनवरचे उत्तर फाइलला लावता येत नाही.

विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्यासाठी त्यांच्या नियामकांनी टक्केवारीसह आखून दिलेले साचे असतात. कारखान्याच्या स्वतंत्र भविष्य निर्वाह निधीचे विश्वस्त असाल तर तुमच्या साच्यात हा रोखा कोणत्या रकान्यात पडतो आणि तो रकाना आधीच किती भरलेला आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रोखे काढणाऱ्याला अधिकार आहे का?

आपल्याला घेण्याची परवानगी आहे, हे कळले. आता समोरच्याला काढण्याची होती का, तेही पाहा. महापालिकेला कर्ज काढायला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. या दोन्हींच्या प्रती मागा आणि मंजुरीतला उद्देश, रक्कम आणि तारण ठेवलेले उत्पन्न माहितीपत्रकाशी जुळवून पाहा.

हा कागदी सोपस्कार वाटत असेल तर अमेरिकेतले एक प्रकरण लक्षात ठेवा. वॉशिंग्टन राज्यात अणुवीज प्रकल्प उभारण्यासाठी तिथल्या सार्वजनिक वीज संस्थेने महसुली रोखे काढले. चौथ्या आणि पाचव्या प्रकल्पासाठी ८८ लहानमोठ्या वीज वितरण संस्थांनी, वीज मिळो न मिळो, पैसे देण्याचे करार केले होते. प्रकल्प अर्धवट सुटले. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की त्या राज्यातल्या वितरण संस्थांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. परतफेडीचा आधार गेला आणि २.२५ अब्ज डॉलरचे रोखे थकले. करारावर सह्या होत्या, मानांकने होती, कायदेशीर मतेही होती. नव्हता तो अधिकार.

उत्पन्न खरेच येते का?

महसुली रोख्याचा जीव त्याच्या वसुलीत असतो. इथे एक छोटे गणित मांडू. आकडे काल्पनिक आहेत. पाणीपट्टीची वार्षिक वसुली ६० कोटी. पाणी उपसणे, शुद्ध करणे, पगार, दुरुस्ती यांचा खर्च ३६ कोटी. उरले २४ कोटी. रोख्यांचे व्याज आणि मुद्दल मिळून दरवर्षी द्यायचे १६ कोटी. म्हणजे देण्याच्या दीडपट पैसा हातात आहे, छान दिसते. आता एका वर्षी वसुली २० टक्क्यांनी घसरली. निवडणूक होती, दरवाढ स्थगित झाली, थकबाकीदारांवर कारवाई थांबली. वसुली ४८ कोटी, पण उपसा तेवढाच, म्हणून खर्च ३६ कोटीच. उरले १२ कोटी आणि द्यायचे १६. वसुली पाचव्या हिश्श्याने घटली तर परतफेडीचा पैसा निम्म्यावर आला. म्हणून फक्त ‘दीडपट’ हा आकडा वाचू नका. वसुली किती टक्के घसरली तर देणे भागणार नाही, ते स्वतः काढा.

त्यासाठी मागणी आणि वसुली यांचे मागच्या पाच वर्षांचे आकडे वेगवेगळे मागा. पाणीपट्टीची मागणी १०० रुपये आणि वसुली ६० असेल तर अंदाज ६० वर बांधायचा; उरलेले ४० म्हणजे थकबाकीच्या रजिस्टरातली नावे. शिवाय महापालिकेचे लेखापरीक्षित हिशेब किती वर्षे मागे आहेत, तेही विचारा. हिशेबच दोन-तीन वर्षे उशिरा होत असतील तर वसुलीचे आकडे किती पक्के, हा प्रश्न उरतो.

उत्पन्न कायद्याने नाहीसेही होऊ शकते. अहमदाबादच्या १९९८ च्या रोख्यांना दहा जकात नाक्यांचे उत्पन्न जोडलेले होते. त्या काळी जकात ही महापालिकांची रोजची, रोखीची जमा होती. त्याहून भक्कम तारण सुचले नसते. ते रोखे सात वर्षांचे होते म्हणून जकात असेतो निभावले. पुढे गुजरातेत जकात गेली. महाराष्ट्रात तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कराबरोबर मुंबईचे जकात नाकेही बंद झाले. आज पंधरा वर्षांचा रोखा घेताना विचारा : बांधून दिलेला कर किंवा शुल्क बंद झाले, तर त्याच्या जागी येणारी भरपाई आपोआप याच खात्यात येईल, असे करारात लिहिले आहे का?

कधी उत्पन्न म्हणजे बचतही असते. इंदूरच्या रोख्यांचा पैसा जलूद इथल्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी होता. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवायला लागणारे वीजबिल त्याने कमी व्हावे, हा हेतू. कल्पना उत्तम आहे. पण वाचलेले वीजबिल कुठल्या खात्यात जमा होत नाही. अशा रोख्यात परतफेडीसाठी प्रत्यक्ष कोणती जमा राखून ठेवली आहे, ते वेगळे पाहावे लागते.

ही राखीव जमा ज्या खात्यात जाते ते एस्क्रो खाते. चांगल्या रचनेत बांधून दिलेले सगळे उत्पन्न आधी या खात्यात येते. तिथून व्याजाच्या आणि मुद्दल परतफेडीच्या निधीच्या खात्यात ठरलेली रक्कम जाते. उरलेले महापालिकेला खर्चाला मोकळे होते. विचारायचे प्रश्न तीन. पैसा नागरिकाकडून थेट एस्क्रोत येतो की आधी महापालिकेच्या खात्यात येऊन मग वळवला जातो? निधीत भर दरमहा पडते की हप्त्याच्या तोंडावर? आणि तूट आली तर राखीव निधी किती महिन्यांचा आहे? या तिन्हींची उत्तरे रोख्यांच्या विश्वस्त करारात असतात. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नसतात.

मुदत आणि विक्री

पतसंस्थेच्या ठेवी बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या. रोखा दहा वर्षांचा. मधेच ठेवीदार पैसे मागायला आले तर रोखा विकावा लागेल, आणि महापालिका रोख्यांना रोजचे गिऱ्हाईक नसते. शेअर बाजारात नोंदणी झाली म्हणजे खरेदीदार मिळाला असे नव्हे.

खरेदीदार मिळाला तरी भाव त्या दिवशीच्या व्याजदरावर ठरतो. साडेसात टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा १०० रुपयांना घेतला आणि लगेच बाजारातला दर साडेआठ झाला, तर त्याची किंमत साधारण ९३ रुपये ४४ पैसे होते. म्हणजे जवळजवळ एका वर्षाचे व्याज गेले, तेही महापालिकेने एकही हप्ता न चुकवता. म्हणून मुदतपूर्तीपर्यंत हात लावावा लागणार नाही, एवढीच रक्कम यात घाला : बँकेच्या बाबतीत लांब मुदतीच्या ठेवींशी जुळणारी, न्यासाच्या बाबतीत कायम निधीची. इमारतीच्या बांधकामासाठी पुढच्या वर्षी लागणारा पैसा यात नको.

रोखा हातात पडेपर्यंत

२००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे रोखे प्रकरण उघडकीस आले. खरेदी सरकारी रोख्यांची होती. त्याहून निर्विवाद मान्य गुंतवणूक दुसरी नाही. दलाल कंपन्यांना पैसे दिले गेले, पण रोखे बँकेकडे आलेच नाहीत. रक्कम दीडशे कोटींच्या घरातली. खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडले. कायद्याची यादी तंतोतंत पाळूनही संस्था बुडू शकते, याचा याहून जवळचा दाखला शोधायला नको.

म्हणून पैसे आणि रोखा यांची देवघेव एकाच वेळी, शेअर बाजाराच्या समाशोधन व्यवस्थेतूनच व्हावी. रोखा संस्थेच्या स्वतःच्या नावाच्या डीमॅट खात्यात यावा. दलालाच्या नावाने धनादेश काढू नये, ‘तात्पुरता’ सुद्धा. महिनाअखेरीस डीमॅट खात्याचे विवरण आणि गुंतवणूक रजिस्टर अंतर्गत लेखापरीक्षकाने ताडून सही करावी. विवरण डिपॉझिटरीकडून आलेले असावे, दलालाने पाठवलेले नको.

ठरावात काय असावे?

इतके तपासूनही पुढे काही बिघडले, तर चौकशी होते ती ठरावाच्या आधारे. सहकारातल्या मंडळींना कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती सांगायला नको. भारतीय न्यास अधिनियमाचे कलम १५ विश्वस्ताकडून सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या पैशाची घेतो तेवढी काळजी मागते. ती घेतली, हे ठरावातून दिसावे. ठरावात निदान एवढे असू द्या :

१. परवानगीचे नेमके कलम, खंड आणि चालू परिपत्रक किंवा अधिसूचना, प्रती जोडलेल्या.

२. रोखे काढणाऱ्याचे कायदेशीर स्वरूप : महापालिका की तिची कंपनी. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि शासन मंजुरी पाहिल्याची नोंद.

३. परतफेडीचे उत्पन्न कोणते, मागच्या पाच वर्षांची वसुली किती आणि वसुली किती घटेपर्यंत देणे भागते, याचा तक्ता.

४. या खरेदीनंतर मर्यादेतली किती टक्केवारी वापरली जाईल, आणि एकाच महापालिकेत किती पैसा असेल.

५. ही रक्कम मुदतपूर्तीपर्यंत का लागणार नाही, याचे कारण.

६. मानांकन घसरले किंवा एस्क्रोत तूट आली, तर बैठक किती दिवसांत बोलवायची आणि जबाबदार अधिकारी कोण.

७. कोणा संचालकाचे किंवा विश्वस्ताचे दलालाशी हितसंबंध नसल्याची घोषणा. असल्यास त्यांनी चर्चेत भाग न घेतल्याची नोंद.

विरोधी मत असेल तर तेही कारणांसह लिहा. एकमताचा हट्ट धरून ते पुसू नका. पुढे तेच वाक्य संस्थेच्या उपयोगी पडते.

महापालिकेचे रोखे वाईट असतात, असा याचा अर्थ नाही. शहराला पाणी हवे, त्यासाठी दीर्घ मुदतीचा पैसा हवा, आणि तो स्थानिक संस्थांनी पुरवावा, यात गैर काही नाही. नळ नीट चालला, बिले वसूल झाली, हिशेब वेळेवर झाले, तर हा रोखा शांतपणे व्याज देत राहतो. पण वरच्या सातांपैकी तिसऱ्या मुद्द्याचे आकडे महापालिकेकडून लेखी मिळाले नाहीत, तर विषय पुढच्या बैठकीवर ठेवा. तोवर पैसा सरकारी रोख्यात किंवा ठेवीत असला, तर सभासदांचे व्याजात होणारे नुकसान मोजण्याइतके लहान असते. उलट बाजूचे नुकसान तसे नसते.